संगणक परत आला, पण पत्रे कुठे गेली?

घरचा संगणक बंद पडतो, दुकानदार ‘बॅकअप’वरून तो पुन्हा उभा करून देतो आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. खरी डोकेदुखी मात्र त्यानंतरच सुरू होते. तंजावरच्या एका मराठी घरात अनुभवलेली ही हकिगत आणि तिच्यातून आपल्या सर्वांना घेता येण्याजोगे धडे.

तंजावरला मी गेले होते मोडी कागदांच्या ओढीने. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात तिथे भोसल्यांचे राज्य स्थापन केले, ते १८५५ मध्ये खालसा झाले. राज्य गेले तरी मराठी गेली नाही. राजवाड्याच्या आवारातल्या सरस्वती महाल ग्रंथालयात आजही तीन हजारांहून अधिक मराठी हस्तलिखिते आहेत आणि मोडी दफ्तरांचे गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजीराजांना ग्रंथांचे वेड होते. काशीयात्रेला गेले तरी येताना त्यांनी हस्तलिखिते गोळा करून आणली!

सकाळ ग्रंथालयात काढून दुपारी मी ओळखीच्या एका घरी जेवायला गेले. यजमान शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. कित्येक पिढ्या तंजावरातच गेलेल्या, पण घरात अजून मराठीच बोलतात. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल आहे आणि मधूनच असा एखादा जुना शब्द येतो की आपण चमकून पाहावे. मी त्यांना काका म्हणते. काकांच्या घराण्यातही मोडी पत्रांचे एक बासन आहे. जमिनीचे हिशेब, भाताच्या पावत्या, सासरी गेलेल्या लेकींना धाडलेली पत्रे. ही पत्रे एकेक करून वाचायची आणि बाळबोध अक्षरांत संगणकावर टंकून ठेवायची, हा काकांचा निवृत्तीनंतरचा उद्योग.

पण त्या दिवशी घरावर सुतकी कळा होती. काकूंनी वाढले, पण काकांचे जेवणात लक्ष नव्हते. चार दिवसांपूर्वी संगणक सुरूच होईना. जवळच्या दुकानातल्या तंबीने तो नेला, नवी डिस्क घातली आणि काकांच्या भाच्याने कधीतरी करून ठेवलेल्या बॅकअपवरून सगळे ‘होते तसे’ बसवून आणून दिले. “सार, ओके,” असे म्हणून तो गेलाही.

“मग अडचण काय?” मी विचारले.

“एकसष्ट पत्रं झाली होती. आता सदतीसच दिसतात.” काका म्हणाले, “कागद आहेत गं, पण डोळे नाहीत. वर्षभरात उजव्या डोळ्याचं दिसणं फार कमी झालं. ती चोवीस पत्रं पुन्हा वाचणं आता माझ्यानं व्हायचं नाही. आणि माझ्यामागं या घरात मोडी कोण वाचणार?”

हुबेहूब म्हणजे काय?

पुढे जाण्याआधी हा ‘इमेज बॅकअप’ काय प्रकार आहे ते पाहू. साध्या बॅकअपमध्ये आपण आपल्या फायली दुसरीकडे उतरवून ठेवतो. इमेज म्हणजे संपूर्ण डिस्कची प्रतिमा. विंडोज, सगळे प्रोग्रॅम, सेटिंग्ज, फॉन्ट, पासवर्ड आणि फायली हे सारे त्या क्षणी जसे होते तसे एका मोठ्या फाइलीत साठवले जाते. नव्वदच्या दशकात न्यूझीलंडमध्ये तयार झालेले ‘घोस्ट’ हे सॉफ्टवेअर याच कामासाठी प्रसिद्ध झाले. १९९८ मध्ये ते सिमँटेक कंपनीने घेतले. आज या कामासाठी अॅक्रॉनिस, मॅक्रियम, क्लोनझिला अशी अनेक साधने आहेत.

यातली ग्यानबाची मेख ‘त्या क्षणी’ या दोन शब्दांत आहे. जुन्या काळी पोथ्या उतरवणारे लेखक शेवटी एक ठरावीक श्लोक लिहीत. त्याचा भावार्थ असा, की पुस्तक जसे पाहिले तसे मी उतरले. ते शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नये. संगणकाची इमेज ही अशाच प्रामाणिक लेखकाची नक्कल आहे. त्या दिवशी विंडोजमध्ये जे दोष होते, तेही त्यात उतरतात. व्हायरस असेल तर तोही येतो. आणि त्या दिवसानंतर जे घडले, त्याचा मात्र तिला पत्ताच नसतो.

काकांची इमेज चौदा महिन्यांपूर्वीची होती. म्हणजे त्यांचा संगणक चौदा महिन्यांची झोप काढून जागा झाला होता!

आधी दारच उघडेना

पहिली अडचण तर गमतीचीच होती. काका पासवर्ड घालत होते आणि संगणक तो नाकारत होता. दुकानातून आल्या आल्या तंबीने पासवर्डशिवायच काहीतरी करून दाखवले असावे, असा काकांचा समज. भाच्याने फोनवरून सांगितलेली युक्ती करून त्यांनी एकदा आत प्रवेश मिळवला होता, पण ती त्यांना पुन्हा जमेना.

“हा पासवर्ड कधी बदललात?” मी विचारले.

“पोंगलला.”

उत्तर त्यातच होते. पोंगल इमेजनंतरचा. जुन्या प्रतिमेबरोबर जुना पासवर्डही परत आला होता. काका कपाळाला हात लावून बसले, तोच स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, “अहो, आधी नातवाचं नाव आणि त्याचं जन्मसाल नव्हतं का?” दार उघडले!

एक गाठ सुटली की दुसरी

आता इंटरनेट नव्हते. यंत्राचे बाकी सारे सुटे भाग तेच होते, फक्त डिस्क बदललेली. मग इंटरनेट का जावे? विंडोजच्या ‘डिव्हाइस मॅनेजर’मध्ये पाहिले तर एका नावापुढे पिवळे चिन्ह. तो होता वायफायचा छोटा डाँगल. काकांनी तो सहा महिन्यांपूर्वी घेतला होता. त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते यंत्र कसे चालवायचे हे विंडोजला सांगणारा प्रोग्रॅम, जुन्या इमेजमध्ये असणार कुठून? नव्या प्रिंटरचेही तेच.

ड्रायव्हर इंटरनेटवर, आणि इंटरनेट ड्रायव्हरवाचून नाही! अशा वेळी मोबाइल कामी येतो. फोन यूएसबीच्या वायरने संगणकाला जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू केले की फोनचे इंटरनेट संगणकाला मिळते. ते मिळाले, पण प्रत्येक संकेतस्थळ ‘सुरक्षित नाही’ असा इशारा देऊ लागले. काका घाबरले. मी कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिले. तारीख कित्येक वर्षांपूर्वीची होती.

संगणकाच्या मुख्य पाटीवर रुपयाच्या नाण्यासारखी एक बॅटरी असते. तिच्यावर सीआर २०३२ असे छापलेले असते. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणे हे तिचे काम. ती संपली की वीज तुटताच तारीख मागे जाते. संकेतस्थळांच्या सुरक्षा प्रमाणपत्रांना ठरावीक मुदत असते. संगणकाची तारीख चुकली की चालू मुदतीचे प्रमाणपत्रही त्याला अवैध वाटते. तारीख हाताने दुरुस्त केली आणि इशारे थांबले. बॅटरी काकांनी संध्याकाळी आणवली. मग ड्रायव्हर उतरवला आणि वायफाय सुरू झाले. त्यानंतर ईमेल उघडण्याआधी विंडोज आणि अँटिव्हायरसचे राहिलेले अपडेट घेतले. चौदा महिन्यांपूर्वीचा पहारेकरी आजचे चोर ओळखत नाही.

मग काकांच्या लक्षात आले, की नवी डिस्क दुप्पट मोठी असूनही सी ड्राइव्ह पूर्वीएवढाच दिसतो. “दुकानदारानं फसवलं की काय?” फसवले नव्हते. इमेज जुन्या डिस्कच्या मापाची होती, ती त्याच मापात बसली आणि उरलेली जागा कोरी पडून राहिली. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये ती काळ्या पट्टीखाली दिसते. सी ड्राइव्ह वाढवायला गेले तर मध्ये विंडोजचा दुरुस्तीसाठीचा छोटा विभाग आडवा आला. त्याला हात न लावता उरलेल्या जागेचा वेगळा डी ड्राइव्ह केला. आपल्या फायलींसाठी तो बरा. पण वाचकहो, एक लक्षात ठेवा. त्याच डिस्कवरचा डी ड्राइव्ह हा बॅकअप नव्हे. डिस्क गेली की सी आणि डी दोन्ही बरोबरच जातात.

जुळ्या डिस्कची कथा

हे सगळे झाले, तरी चोवीस पत्रे नव्हतीच. मी विचारले, “जुनी डिस्क कुठे आहे?”

काकूंनी कपाटातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. तंबीने जुनी डिस्क परत दिली होती, हे त्याचे उपकारच. कितीतरी लोक ती दुकानातच सोडून येतात.

डिस्क घरघरत किंवा टकटक आवाज करीत असेल तर घरी प्रयोग करू नयेत, माहिती परत मिळवून देणाऱ्या तज्ज्ञाकडे जावे. काकांच्या डिस्कचा आवाज ठीक होता. तिच्यावर काही ठिकाणी वाचता न येणारे भाग तयार झाले होते, म्हणून विंडोज सुरू होत नव्हते. तिला यूएसबी केसमध्ये घालून काकांच्या संगणकाला जोडले, तर ती दिसेचना. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये तिच्याखाली ‘ऑफलाइन’ असे लिहून आले.

कारण मजेदार आहे. प्रत्येक डिस्कवर तिची ओळख सांगणारी एक खूण असते. इमेजमधून नव्या डिस्कवर सगळेच जसेच्या तसे उतरल्याने ही खूणही उतरली होती. आता एकाच ओळखीच्या दोन डिस्क समोर आल्यावर विंडोजने एकीला बाहेर बसवले. तिला ‘ऑनलाइन’ करता येते, पण तसे करताना विंडोज तिच्यावर नवी खूण लिहितो. आजारी डिस्कवर काहीही लिहायचे नाही, हा माझा नियम. मी ती माझ्या लॅपटॉपला जोडली. तिथे तिची जुळी बहीण नव्हती. डिस्क उघडली!

अशा वेळी डिस्क दुरुस्त करणारे ‘चेकडिस्क’ आधी चालवण्याचा मोह होतो. तो टाळावा. त्या खटाटोपात कमजोर डिस्क कायमची जाऊ शकते. आधी हवे ते उतरवून घ्यावे, तेही सर्वांत मोलाचे आधी. आम्ही गाणी आणि सिनेमे सोडून दिले आणि थेट पत्रांचा फोल्डर घेतला. एकेक फाइल संथपणे येत होती. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस… काका मोठ्याने मोजत होते. काकूंनी मध्ये कॉफीचे टंबलर आणून ठेवले, ते तसेच निवले. साठ फायली आल्या. एकसष्टावी मात्र अडकली ती अडकलीच. दोनदा प्रयत्न केला, मग तो नाद सोडला.

शुद्ध प्रत कशी होते?

साठ फायली मिळाल्यावर आणखी एक काम होते. सदतीस पत्रे इमेजमधूनही आली होती आणि जुन्या डिस्कवरूनही. कुठल्या खऱ्या? जुन्या डिस्कवरच्या नंतरच्या, म्हणून त्या घ्याव्यात हा सरळ हिशेब. पण डिस्क आजारी होती. काही फायली उतरल्या तरी आतून मोडलेल्या असू शकतात. म्हणून प्रत्येक फाइल उघडून पाहिली. दोन फायलींत नुसती चौकटे आणि खुणा होत्या. त्यांच्या जागी इमेजमधल्या घेतल्या.

हे करताना मला संत एकनाथांची आठवण झाली. ज्ञानेश्वरी नकलांवरून नकला होत अडीच-तीनशे वर्षे चालत आली होती. तीत पाठभेद शिरले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये ती शुद्ध करून आपल्या हाती दिली. नक्कल करणे वेगळे आणि शुद्ध करणे वेगळे. बॅकअप परत बसवला म्हणजे नक्कल झाली. ती तपासून घेण्याचे काम यंत्र करत नाही, ते आपणच करायचे असते.

चौकट : इमेज परत बसवल्यावर

• बसवण्याआधीच थांबा. डिस्क अजून वाचता येत असेल तर इमेजनंतरच्या फायली आधी बाहेर काढा. दोन-चार फायलीच हव्या असतील तर बहुतेक साधनांत इमेज उघडून तेवढ्याच काढता येतात. सगळा संगणक मागे नेण्याची गरज नसते.

• ‘बूट डिव्हाइस नाही’ असा संदेश आला, तर आधी बायोसमध्ये कोणत्या डिस्कवरून सुरू व्हायचे तो क्रम पाहा. मग जुनी ‘लेगसी’ की नवी ‘यूईएफआय’ पद्धत निवडली आहे ते पाहा. इमेज ज्या पद्धतीत केली, तीच हवी. तरीही सुरू न झाल्यास विंडोजच्या पेनड्राइव्हवरून ‘स्टार्टअप रिपेअर’ चालवा.

• निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दिसले, तर बायोसमधले डिस्क जोडण्याचे सेटिंग (एएचसीआय किंवा रेड) बदलले आहे का ते पाहा.

• नवी डिस्क पहिल्यांदा सुरू करताना जुनी काढून ठेवा.

• ‘बिटलॉकर’ने ४८ अंकी किल्ली मागितली तर गोंधळू नका. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ती आजच वहीत उतरवून ठेवा.

• मदरबोर्ड बदलला असेल तर विंडोज पुन्हा परवाना मागू शकते. अॅक्टिव्हेशनच्या पानावरचा ‘ट्रबलशूट’ पर्याय वापरा.

• जुन्या मराठी फॉन्टमधली फाइल अगम्य दिसली, तर ती बिघडली असे समजू नका. बहुधा फॉन्टच नसतो. तो बसवा आणि अशा फायली सवडीने युनिकोडमध्ये आणा.

• विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या इमेजमध्ये ते असेल तर पुढे काय करायचे याचा विचार करा.

• बिघाड आधीपासूनच इमेजमध्ये असेल तर तीच पुन्हा पुन्हा बसवून उपयोग नाही. त्याहून जुनी इमेज शोधा.

एक भिंत आणि तीन प्रती

दुसऱ्या दिवशी सकाळी काका मला बृहदीश्वराच्या देवळात घेऊन गेले. राजराज चोळाने हे देऊळ १०१० मध्ये पूर्ण केले. त्याच्या प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा सारा इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरून घेतला. लेखाखाली लेखांक पसरतच जातात. पानामागून पान वाचावे तसे भिंतीच्या कडेने चालत वाचावे लागते.

“कागदाला वाळवी लागते,” काका म्हणाले. “राजानं दगडावरही ठेवलं.”

संगणकाच्या जगातला आज सर्वमान्य झालेला नियम याहून वेगळा नाही. तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर ठेवा, त्यातली एक घराबाहेर ठेवा. सरस्वती महालातल्या हस्तलिखितांच्या मायक्रोफिल्म झाल्या. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पांडुलिपि मिशनने २००३ पासून देशभरातल्या पोथ्यांच्या नोंदी आणि त्यांचे डिजिटल रूप करण्याचे काम हाती घेतले. २०१४ मध्ये मोडी लिपीला युनिकोडमध्ये स्वतःची जागाही मिळाली. मोठ्या संस्था हे करतात. आपल्या घरात मात्र लग्नाचे फोटो, आईच्या हाताच्या पाककृती आणि मुलांची प्रमाणपत्रे एकाच डिस्कवर देवाच्या भरवशावर पडलेली असतात.

काकांच्या घरी परतल्यावर आम्ही ही व्यवस्था लावली. पत्रांचा फोल्डर रोज आपोआप इंटरनेटवरच्या साठ्यात जाईल. बाहेरच्या डिस्कवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नवी इमेज होईल आणि ती डिस्क एरवी काढून कपाटात राहील. सतत जोडलेली डिस्क व्हायरसच्या किंवा विजेच्या एकाच तडाख्यात संगणकाबरोबर जाते. डिस्कवर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवायची आणि वर्षातून एकदा एखादी फाइल त्या इमेजमधून काढून पाहायची. न तपासलेला बॅकअप म्हणजे नुसती समजूत. पासवर्डची वही काकूंच्या ताब्यात गेली, हे वेगळे सांगायला नको.

राहिले एकसष्टावे पत्र. त्याची फाइल कुठेच नव्हती, पण कागद होता. बासन सोडून काकांनी तो अलगद बाहेर काढला. मी फोनने त्याचे चित्र घेतले आणि नव्या संगणकाच्या पडद्यावर ते मोठे केले. एकेक ओळ वीतभर रुंद झाली. काका पडद्याच्या अगदी जवळ खुर्ची ओढून बसले, डावा डोळा बारीक करून. आधी शिरोरेघ, तिला लोंबणारी न तुटणारी अक्षरे. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांमध्ये अंतर नाही. ते वाचत गेले, मी टंकत गेले. मध्येच एखाद्या शब्दावर ते थांबत, मागे जात, स्वतःशीच पुटपुटत आणि “हां, कळलं” म्हणत पुढे जात.

पत्र लहानसेच होते. सासरी गेलेल्या लेकीला बापाने लिहवलेले. खोकला बरा आहे का, भात कापून झाला, आई आठवण काढते, एवढाच मजकूर. रात्रीचे साडेनऊ वाजले तेव्हा ते पुरे झाले.

“जतन कर,” काका म्हणाले.

मी जतन केले. मग काका म्हणाले, “आता दुसरीकडेही कर.”